आत्याच्या गालावरचा डाग

मला काळजी करायला कारण लागत नाही. घरातून निघून मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकापर्यंत पोचलो की गॅस बंद केला का नाही हे आठवत नाही म्हणून परत फिरणारा माणूस मी. बायको म्हणते, काळजी करायची नोकरी असती तर तुम्हाला रोज ओव्हरटाइम मिळाला असता. अशा माणसाच्या गळ्यात निवृत्तीच्या वर्षी अठरा पोरापोरींचं फोटो-प्रदर्शन पडलं. मी आमच्या कला महाविद्यालयात फोटोग्राफीचं प्रात्यक्षिक शिकवायचो. विभागप्रमुख नसरीन मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण त्यांचं डोकं थंड. त्या म्हणाल्या, "सर, जाता जाता एक प्रदर्शन मुलांच्या हातात देऊन जा." मी हो म्हणालो आणि त्याच दिवसापासून माझी झोप उडाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रदर्शन म्हणजे फोटो छापायचे आणि भिंतीवर लावायचे. लावायला गेलं की कळतं, भिंत आपली नसते. आमच्या हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला की तळहाताएवढा गिलावा हातात यायचा. मग वरून नायलॉनच्या दोऱ्या सोडायच्या ठरल्या. दोऱ्या सोडल्या तर पंख्याच्या वाऱ्यानं फोटो हलायला लागले. पंखे बंद केले तर उद्घाटनाला येणारे पाहुणे घामाघूम होणार. पाहुणे म्हणजे एका वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले जुने छायाचित्रकार, त्यांना रक्तदाबाचा त्रास. मी हे सगळं वहीत लिहून काढलं आणि प्रत्येक ओळीपुढं प्रश्नचिन्ह काढलं. मॅडमनी वही बघितली आणि न हसता परत दिली.

विषय मात्र मी ठरवला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. आमच्या पोरांना मोकळं सोडलं की ती लेणी आणि शहराचे जुने वेशीचे दरवाजे टिपून आणतात. या शहरातल्या प्रत्येक दरवाजाचा संध्याकाळच्या उजेडातला फोटो मी किमान शंभर वेळा तपासला असेल. म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं, की दरवाजे बंद, लेणी बंद, आपल्या घरातल्या एकाच माणसाचा फोटो आणायचा. प्रदर्शनाचं नावही तेच ठेवलं, 'घरचं माणूस'. पोरं नाराज झाली. एकानं विचारलं, घरच्या माणसात बघण्यासारखं काय असतं सर? मी म्हणालो, तेच बघायचंय.

कावेरी त्या वर्गातली. पिशोरजवळच्या वाडीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. शहरात शिकायला आलेली त्यांच्यातली पहिलीच पोरगी. वर्गात फार बोलायची नाही, पण कॅमेरा हातात आला की तिची घाई संपायची. बाकीची पोरं एका माणसाचे दोनशे फोटो काढायची, ही अकरा काढायची. तिनं आणलेल्या अकरांतला एक बघून मी खुर्चीतून उठलो होतो.

फोटो तिच्या आत्याचा होता. भागाबाई नाव. सकाळच्या पहिल्या उन्हात मेंढरांच्या कुंपणाच्या तोंडाशी उभी असलेली पन्नाशीची बाई, काखेत कोकरू, मान जराशी वळलेली, आणि कुणीतरी काहीतरी बोलल्यामुळं हसू फुटलेलं. पदर खांद्यावर पडलेला. मी म्हणालो, पोरी, हा दारासमोरच्या भिंतीवर लागेल, आत येणाऱ्याला पहिला हाच दिसला पाहिजे. ती खूश झाली. मग हळूच म्हणाली, "सर, उद्घाटनाला मी आत्याला घेऊन येऊ का? ती कधीच कुठं येत नाय."

मी म्हणालो, आण की.

आता थोडं माझ्या जुन्या धंद्याबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉलेजात येण्याआधी बारा वर्षं मी या शहरात रिटचिंगचं काम केलं. तेव्हा निगेटिव्ह पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची असायची. ती तिरक्या काचेवर ठेवायची, मागून उजेड सोडायचा, आणि कानशीवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घेऊन चेहऱ्यावर बारीक स्वल्पविरामासारख्या रेघा मारत बसायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पारदर्शक दिसतो. ती पोकळी पेन्सिलीनं भरली की छापलेल्या फोटोत डाग गायब. देवीचे व्रण, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं मी त्या पेन्सिलीनं घालवलंय. गिऱ्हाइकंही एकेक असायची. एकाला वडलांचे मिटलेले डोळे उघडून हवे होते, कारण वडलांचा फोटो काढायचं घरच्यांना ते गेल्यावर सुचलं होतं. मी उघडून दिले. तो मुलगा फोटो बघून म्हणाला, अण्णा असेच बघायचे. मी त्या अण्णांना कधी बघितलं नव्हतं.

पण मुख्य काम असायचं स्थळाच्या फोटोंचं. मुलीचा एक उभा फोटो काढायचा आणि तो पाहुण्यांकडं पाठवायचा, अशी रीत होती. तालुक्याच्या स्टुडिओवाल्यांकडं रिटचर नसायचा. कन्नड, वैजापूर, सिल्लोड, सगळीकडच्या निगेटिव्ह एसटीच्या कंडक्टरबरोबर पाकिटातून माझ्याकडं यायच्या आणि दोन दिवसांनी परत जायच्या. पाकिटावर स्टुडिओवाल्यानं लिहिलेलं असायचं, 'स्थळ'. एवढंच. याचा अर्थ मला माहीत होता. कुणाची पोरगी, कुठली, हे मला कळायचं नाही आणि मी विचारायचोही नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी जरा जास्तच सुंदर दिसायच्या याचा मला तेव्हा गर्व होता.

आणि आणखी एक गोष्ट. निगेटिव्ह एकच असायची. तिची प्रत नसायची. जे करायचं ते तिच्यावरच करायचं आणि एकदा केलं की झालं. ही सवय माझ्या हाडात मुरलेली. संगणक आला, तरी मी मूळ फाइलवरच काम करायचो आणि तीच जपून ठेवायचो. पोरांनाही तेच शिकवलं, एक फोटो, एक फाइल, पसारा नको. कॉलेजचा कॅमेरा तीन पोरांत एक. फोटो संगणकावर उतरवायचे, एक निवडून बाकीचे पुसायचे, आणि कार्ड रिकामं करून पुढच्याला द्यायचं. या शिस्तीचं मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

छपाईला पाठवायच्या आधीच्या आठवड्यात मी अठरा फाइली एकेक करून साफ केल्या. भिंगावरची धूळ, कोपऱ्यातला कचरा, कुणाचं फार पिवळं आलेलं असेल तर ते. सलग चार दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. डोक्यात पंखे, दोऱ्या आणि पाहुण्यांचा रक्तदाब होता, आणि हात आपलं काम करत होता. छपाई होऊन सोळा बाय वीस इंचांचे पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो आले, तेव्हा मी फक्त कोपरे दुमडलेत का ते पाहिलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी फोटोंखाली लावायच्या पट्ट्या घेऊन हॉलमध्ये गेलो. पोरांनी स्वतः लिहून दिलेला मजकूर थेट छापून आणला होता. कावेरी सकाळच्याच गाडीनं आत्याला आणायला गावी गेली होती, म्हणून तिची पट्टी मीच लावायला घेतली. चिकटपट्टी दातात धरून वाचू लागलो.

'ही माझी आत्या, भागाबाई. हिच्या डाव्या गालावर जन्मापासून डाग आहे. लग्नाच्या वयात हिचा एक फोटो काढला होता, त्यात तो डाग नव्हता. फोटो पसंत करून आलेली माणसं हिला बघून परत गेली. तेव्हापासून आत्या डाव्या गालावर पदर घेते. हा तिनं राजीखुशीनं काढू दिलेला दुसरा फोटो.'

मी वर बघितलं. उन्हात हसणारी भागाबाई, काखेत कोकरू, आणि डावा गाल स्वच्छ.

मी तिथंच फरशीवर बसलो. तो डाग मी घालवला होता. केव्हा घालवला ते मला आठवत नव्हतं, हीच सगळ्यात भीतीची गोष्ट होती. उठून संगणकाकडं धावलो. फाइल उघडली तर गाल स्वच्छ. दुसरी प्रत नाही. कार्ड कधीच रिकामं होऊन पुढं गेलेलं. संगणक विभागातल्या तंत्रज्ञाला हातापाया पडून बोलावलं, त्यानं दोन तास खटपट करून कार्डातून जे वर काढलं त्यात कुणाच्या तरी आजोबांचा जोडा आणि अर्धी शेळी होती. कावेरीला फोन लावला तर लागेना. वाडीवर रेंज येत नाही हे तिनंच मला सांगितलं होतं. तरी मी सतरा वेळा लावला.

मॅडम आल्या, पट्टी वाचली, फोटो बघितला. त्यांना सांगायची गरज पडली नाही. म्हणाल्या, "सर, पट्टी बदलून टाकू. फक्त 'माझी आत्या' लिहू. फोटो तो फिर भी अच्छाच है." मी म्हणालो, आणि कावेरीला काय सांगायचं? त्या म्हणाल्या, उतरवून ठेवू मग, आत्या आल्या की नवा काढू. पण नवा कुठून काढणार? ते ऊन, ते कोकरू, आणि ते हसू मागून मिळणार होतं का? शिवाय छपाईला एक दिवस लागतो.

खरं सांगतो, पट्टी बदलायचा विचार मला पटला होता. अर्धा तास मी त्याच विचारात होतो. पोरगी रडेल, पण उद्घाटनाच्या गडबडीत निभावेल, असं स्वतःला सांगत होतो. मग दुसरा विचार आला आणि पहिला तिथंच विरला. पिशोरची माणसं फोटो काढायला कुठं जायची? कन्नडला. आणि कन्नडच्या निगेटिव्ह यायच्या माझ्याकडं.

घरी गेलो आणि कपाटाच्या वरून जुना पत्र्याचा डबा काढला. छापलेल्या फोटोवरचे पांढरे ठिपके बुजवायचे रंग असतात, स्पॉटिंगचे, त्यांच्या वाळलेल्या वड्या आणि शून्य नंबरचा ब्रश. कागद मॅट होता, वर काच नव्हती, रंग धरला असता. मनात आलं, आपणच तो डाग परत घालू. आयुष्यभर डाग घालवणाऱ्याला एक डाग घालता येऊ नये? कागदावर सराव करायला बसलो. आणि माझ्या ध्यानात आलं, की तो डाग कसा होता हे मला माहीतच नाही. गोल होता का लांबट, डोळ्याखाली होता का जबड्याकडं, तांबूस का जांभळा. त्या चार दिवसांत तो चेहरा पडद्यावर हाताएवढा मोठा करून मी काम केलं होतं आणि मला काहीच सांगता येत नव्हतं. मी तो बघितला नव्हता. नुसता पुसला होता. बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हा मी म्हणालो, तू जेवून घे.

सकाळी डबा पिशवीत टाकला आणि साडेनऊलाच हॉलवर जाऊन उभा राहिलो. उद्घाटन अकराला. पट्टी कालचीच ठेवली होती, तेवढं मात्र मी केलं. फोटोवर पांढरं कापड टाकलं होतं. प्रत्येक रिक्षाचा आवाज आला की दारापर्यंत जाऊन यायचो. सव्वादहाला दोघी आल्या. कावेरी पुढं, हातात डब्याची पिशवी, आणि मागं तिच्या खांद्याएवढी भागाबाई, नवं लुगडं नेसलेली, डाव्या गालावर पदर ओढून दातात धरलेला.

मी कावेरीला बाजूला घेणार होतो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. पण तिनं कापड बघितलं, तिला वाटलं सरांनी आत्यासाठी मुद्दाम झाकून ठेवलंय, आणि तिनं हसत हसत ते ओढलं.

ती बघत राहिली. मग पट्टीकडं बघितलं आणि परत फोटोकडं. मी म्हणालो, "कावेरी, माझ्या हातून झालं. मूळ फाइल राहिली नाही." ती रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "सर, तुमीच म्हणाला व्हतात ना, घरच्या माणसात काय बघायचं तेच बघायचंय." आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

भागाबाईंना वाचता येत नव्हतं. पण फोटो वाचायला अक्षरं कुठं लागतात. त्या जवळ गेल्या, बराच वेळ स्वतःकडं बघितलं. मग पदर दातातून न सोडताच बोलल्या.

"चांगला आलाय. तवाबी असाच लई चांगला आला व्हता."

विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "ताई, तो फोटो कुठं काढला होता?"

"कन्नडला. स्टँडाच्या समोर जिन्यावर स्टुडिओ व्हता. दादानं नेलं व्हतं. फोटो पाहून दादाच म्हनला, ही आपली भागी हाय का दुसरी कोन. समदे हसलो आमी."

तो जिना मला माहीत होता. त्या स्टुडिओची पाकिटं हिरव्या रंगाची असायची. मी त्यांना सगळं सांगितलं. पाकीट, कंडक्टर, तिरकी काच, पेन्सिल. त्यांची निगेटिव्ह मला आठवत नाही हेही सांगितलं. पण त्या जिन्यावरचं सगळं काम माझ्याकडंच यायचं, दुसरं कुणी करतच नव्हतं. म्हणजे तेव्हाचा तो गाल आणि आताचा हा गाल, दोन्ही माझ्याच हातचे. मी माफी मागितली का, ते आठवत नाही. मागितली असावी.

पोरं जमायला लागली होती. दारात पाहुण्यांची गाडी लागली. मॅडम त्यांना बाहेरच थांबवून पाणी देत होत्या, आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होत्या. कावेरी अजून भिंतीकडंच तोंड करून होती. भागाबाईंनी माझ्या पिशवीतून बाहेर आलेल्या डब्याकडं बघितलं.

"ह्यात काय हाय?"

"रंग आहेत. मला वाटलं होतं, मीच परत काढावा. पण मला तो आठवत नाही."

त्यांनी कावेरीला हाक मारली. विचारलं, "तुजा फोटू हाय पोरी. करू देऊ का ह्यास्नी?" कावेरी वळली. माझ्याकडं न बघता आत्याकडं बघितलं आणि मान हलवली. मग पट्टी काढून घेतली, खिशातल्या पेनानं शेवटी एक ओळ लिहिली, 'डाग नंतर हातानं रंगवला आहे', आणि परत चिकटवली.

भागाबाई खिडकीपाशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. हॉलमध्ये आता तीस-चाळीस माणसं होती. त्यांनी पदर सोडला आणि डोक्यावरून मागं टाकला. डावा गाल खिडकीकडं केला.

"आता नीट बघून करा," त्या म्हणाल्या.

मी चष्मा सदऱ्याला पुसला आणि बघितलं. डोळ्याखालून सुरू होऊन जबड्यापर्यंत उतरलेला, पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा. वरची कड साफ, खालची विरलेली. कानाकडं एक बारीक फाटा गेलेला. हसल्यावर पडणारी वळी त्याच्या मधूनच जायची. वडी ओली केली, ब्रश टोकदार केला आणि फोटोसमोर उभा राहिलो. एक नजर खुर्चीकडं, एक कागदाकडं. पाहुणे आत येऊन माझ्या मागं उभे राहिले होते, हे मला नंतर कळलं. पंखे चालू होते, फोटो दोरीवर हलत होता, म्हणून कावेरी पुढं आली आणि तिनं पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला.

अर्ध्या तासानं मी ब्रश खाली घेतला. मला बरा वाटला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी गालावर काही घातलं होतं. भागाबाई उठून आल्या, फोटोपाशी वाकल्या, स्वतःच्या गालावर दोन बोटं ठेवून माप घेतलं आणि तीच बोटं कागदाजवळ नेली.

"ल्हान केलाय तुमी," त्या म्हणाल्या. "हाय तेवढा करा."

मी परत वडी ओली केली.